आयर्लंडची ओळख, वय 7 ते 10: हिरव्या टोपीच्या पलीकडे काय घ्यावं?

शब्दवेल

24 मुलं, वय 7 ते 10, 40 मिनिटांचे 6 तास, विषय आयर्लंडची संस्कृती आणि परंपरा. ओव्हन नाही. कात्र्या, कागद, रबरबँड, फळा आणि मोकळी जागा आहे. शोधायला बसलं की सगळीकडे तेच ते सापडतं: हिरवी टोपी, दाढीवाला लेप्रेकॉन (आयरिश लोककथांतला बुटका), सोन्याचा हंडा, चार पानांचं क्लोव्हर. रंगवायची चित्रं वाटून तास उरकता येतील, पण मुलांच्या पदरात काय पडणार?

जाणकारांनी सांगावं:
1. यातलं काय ठेवावं, काय गाळावं?
2. हाताने करण्यासारखं काय आहे? सामान किती लागतं, कुठे फसतं?
3. आयरिश नावं आणि शब्द देवनागरीत कसे लिहावेत?
4. बटाट्याचा दुष्काळ, उत्तर आयर्लंड हे या वयात काढावं का?

---

कागदकात्री

आधी चाळणी लावू. चार पानांचं क्लोव्हर हे नशिबाचं चिन्ह, आयर्लंडचं शॅमरॉक तीनच पानांचं. सेंट पॅट्रिकने तीन पानं आणि एक देठ दाखवून ख्रिस्ती त्रैक्य, म्हणजे तीन रूपांतला एकच देव, समजावलं अशी आख्यायिका आहे. चौथं पान जोडलं की गोष्टच मोडते. पॅट्रिक पाचव्या शतकातला आणि जन्माने आयरिश नव्हे. रोमन ब्रिटनमधल्या या मुलाला सोळाव्या वर्षी लुटारूंनी धरून आयर्लंडला नेलं. तिथे सहा वर्षं गुलाम म्हणून मेंढरं राखली, मग पळाला आणि पुढे धर्मप्रसारक होऊन त्याच देशात परत आला. टोपीपेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त पकडून ठेवते. साप हाकलल्याची कथा जरूर सांगा, पण हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते हेही लगेच सांगा. लेप्रेकॉन ठेवा, फक्त तो मुळात चांभार आहे: एकटा बसून जोडे शिवणारा, आणि जुन्या वर्णनांत बहुधा लाल कोटातला. देशाचं अधिकृत चिन्ह शॅमरॉक नाही, हार्प हे तंतुवाद्य आहे. आयर्लंडच्या युरो नाण्यांवर तीच दिसते.

तासांचा क्रम वर्षाच्या चक्रावर बांधा. जुन्या आयरिश वर्षाचे चार सांधे आहेत: 1 फेब्रुवारीला इंबोल्क, 1 मेला बॅल्तना, 1 ऑगस्टला लूनसा, 1 नोव्हेंबरला साउइन. शेवटची तीन नावं आजही आयरिश भाषेत त्या त्या महिन्यांची नावं आहेत. वसंताची सुरुवात तिथे परंपरेने 1 फेब्रुवारीला धरतात. तोच सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीचा दिवस, आणि 2023 पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुटीही असते.

हाताला काम द्यायला ब्रिजिडचा क्रॉस सगळ्यात उत्तम. आदल्या संध्याकाळी, 31 जानेवारीला, लव्हाळ्याचा विणतात आणि दारावर किंवा आढ्याला लावतात. घराला आग लागू नये हा त्यामागचा समज. लव्हाळे कापत नाहीत, उपटतात, असा रिवाज आहे. मोठ्या क्रॉसला 28 ते 30 काड्या लागतात. मुलांसाठी पाइप क्लीनर, म्हणजे त्या मऊ लोकरी तारा, 30 सेंटिमीटरच्या 13 पुरतात.

कृती अशी:
- एक तार उभी धरा. ही एकच सरळ राहते, बाकी सगळ्या मधोमध दुमडायच्या.
- दुसरी दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा. तिची मोकळी टोकं उजवीकडे हवीत.
- सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. उजवीकडची टोकं आता वर आली.
- तिसरी दुमडून या वर आलेल्या जोडीवर अडकवा, टोकं पुन्हा उजवीकडे. मध्याशी घट्ट सरकवा.
- पुन्हा पाव फेरा, पुन्हा नवी तार, वर आलेल्या सगळ्यांना कवेत घेणारी. चार तारांचा एक वेढा. तीन वेढे झाले की 12, आणि पहिली सरळ धरून 13.
- चारही हातांची टोकं रबरबँडने बांधा, मग कात्रीने सारखी करा. आधी कात्री लावली तर तारा निसटतात.

फसतं ते दोन ठिकाणी. एक, फिरवताना मध्यावरचा अंगठा उचलला जातो आणि वीण उसवते. दोन, अर्ध्यात कुणीतरी उलटा फेरा घेतं. मग नवी तार चुकीच्या हातावर बसते आणि मधला चौकोन तिरका होतो. फळ्यावर मोठा वळलेला बाण काढून ठेवा आणि प्रत्येक तारेला सगळ्यांनी मिळून 'अडकव, ओढ, फिरव' म्हणा. 24 मुलांना 312 तारा लागतील, 30-40 जास्तीच्या ठेवा.

---

उंबरठा

उच्चारांचं बघतो. इंग्रजी वळणाने वाचलं तर आयरिश नावं दगा देतात, पण देवनागरीत ती सुरेख बसतात. मुलांना दोन नियम पुरेत.

पहिला: बी किंवा एम यांच्यापुढे एच आला की व. म्हणून एन-आय-ए-एम-एच हे नाव 'नियाम्ह' नाही, नीव. शिवॉनमधला वसुद्धा बी-एचचा. (काही ठिकाणी हा व इंग्रजी डब्ल्यूसारखा होतो, पण या वयात तिथे शिरू नका.)

दुसरा: एसच्या शेजारी ई किंवा आय असेल तर श. ए, ओ, यू असेल तर स. दोन्ही एकाच नावात दिसतात: एस-ए-ओ-आय-आर-एस-ई. पहिल्या एसच्या शेजारी ए आहे म्हणून स, दुसऱ्याच्या शेजारी ई आहे म्हणून श, आणि नाव होतं सीर्शा. अर्थ स्वातंत्र्य. फळ्यावर हे सात अक्षरांचं नाव लिहून मुलांनाच ओळखायला लावा, दहा मिनिटं मजेत जातात.

भेटल्यावर म्हणायचं 'दिया ग्वित', देव तुझ्यासोबत असो. उत्तर 'दिया इस म्विर ग्वित', देव आणि मेरी तुझ्यासोबत असोत. उत्तर देणारा नेहमी एक पाऊल पुढे जातो, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. निरोपाला 'स्लॉन'. आभाराला 'गुर मह अगत', पण हे एका व्यक्तीला. अनेकांना म्हणायचं असेल तर शेवट 'अगिव' होतो. प्रांताप्रमाणे उच्चार थोडे बदलतात, ग्वितचं कुठे दित होतं. दोन ध्वनिफिती वेगळ्या ऐकू आल्या म्हणून एक चूक ठरवू नका.

आणि एक गंमत मराठी मुलांनाच पटकन कळेल अशी. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्द नाहीत, प्रश्नातलंच क्रियापद उत्तरात येतं. 'अन विल ऑक्रस ऑर्ट?' म्हणजे शब्दशः 'तुझ्यावर भूक आहे का?' उत्तर 'तॉ', म्हणजे आहे, किंवा 'नील', म्हणजे नाहीये. आपण 'भूक लागली का?' याला नुसतं 'लागली' म्हणतो, तसंच. भूक माणसाने करायची गोष्ट नाही, ती माणसाला येऊन लागते, हेही दोन्हीकडे सारखं.

भाषेचं नाव ग्वेल्गा. 1937 च्या राज्यघटनेत तीच पहिली अधिकृत भाषा आहे. ती रोजच्या व्यवहारात बोलली जाते त्या प्रदेशांना ग्वेलतख्त म्हणतात, आणि असे बरेच प्रदेश पश्चिम किनाऱ्यावर आहेत.

---

मोजपट्टी

दोन तास माझ्याकडून घ्या: ऑगम लिपी आणि हर्लिंग. दोन्हींत गणित लपलंय.

ऑगम. दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहायची लिपी. बहुतेक शिलालेख चौथ्या ते सहाव्या शतकातले, सुमारे 400 दगड उरलेत, केरी आणि कॉर्क परगण्यांत जास्त. मजकूर बहुधा एखाद्याचं नाव, अमक्याचा मुलगा तमका. मूळ अक्षरं 20, पाच-पाचांचे चार गट. उभी रेघ काढा, ती दगडाची कड.

रेघेच्या उजवीकडे आडव्या रेषा: बी 1, एल 2, एफ 3, एस 4, एन 5.
डावीकडे: एच 1, डी 2, टी 3, सी 4, क्यू 5.
रेघ छेदणाऱ्या तिरक्या: एम 1, जी 2, एन-जी 3, झेड 4, आर 5.
रेघेवरच छोट्या खाचा, हे स्वर: ए 1, ओ 2, यू 3, ई 4, आय 5.

वाचायचं खालून वर. 'सारा' असं होईल: तळाशी उजवीकडे 4 रेषा, वर 1 खाच, त्यावर 5 तिरक्या, सगळ्यात वर 1 खाच. निम्मी मुलं सवयीने वरून सुरुवात करतात आणि 'आरास' लिहून बसतात. रेघेच्या तळाशी आधी ठिपका काढायला लावा. दोन अक्षरांमध्ये एका बोटाची जागा सोडली नाही तर एल आणि एफ मिळून एन वाचला जातो, हा दुसरा नेहमीचा घोटाळा. पी मूळ वीसांत नाही, तिथे बी वापरा. व हवा असेल तर एफची खूण घ्या, तिचा जुना उच्चार वच होता.

सपाट कागदापेक्षा खोक्याची कड चांगली. उजवीकडच्या रेषा एका बाजूवर जातात, डावीकडच्या दुसऱ्या, आणि लिपी अशी का घडली ते न सांगता कळतं.

हर्लिंग. प्रत्येक बाजूला 15 खेळाडू, हातात अ‍ॅश लाकडाची चपट्या तोंडाची काठी, तिचं नाव कमॉन. चेंडू चामड्याचा, नाव श्लितर. बायका खेळतात तो कमोगी. चेंडू हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही, मग तो काठीच्या तोंडावर तोलत पळायचं. गोलचा खांब इंग्रजी एचसारखा: आडव्या दांड्याच्या खालून गेला तर गोल, किंमत 3, वरून गेला तर 1 गुण. गुणफलक मात्र बेरीज करून देत नाही. 2-15 आणि 1-19 यात कोण जिंकलं? पहिल्याचे 6 आणि 15 मिळून 21, दुसऱ्याचे 3 आणि 19 मिळून 22. दोन गोल करूनही हरता येतं, यावर वर्ग पेटतो.

खेळायचं असेल तर खरी काठी नको. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी आणि स्पंजचा चेंडू घ्या, आणि काठी खांद्याच्या वर न्यायची नाही हा एकच नियम ठेवा. या खेळाची संस्था, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावी स्थापन झाली. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात 82,000 हून अधिक प्रेक्षक मावतात, आणि तिथे अंतिम सामना खेळणारे खेळाडू हौशी, मानधनाशिवाय खेळणारे. मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगा.

---

शब्दवेल

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. पाइप क्लीनरऐवजी कागदी स्ट्रॉ चालतील का? आणि ओव्हन नसताना खाण्याचं काय करावं? सोडा ब्रेडचं पीठ वर्गात मळून घरी भाजायला दिलं तर?

---

ताकपिठी

स्ट्रॉ चालतात, पण आधी पाटीने किंवा रुळाने दाबून चपटे करा. गोल स्ट्रॉ दुमडला की सांध्यावर फाटतो आणि जाडीमुळे मध्य फुगतो. 20 सेंटिमीटरचा स्ट्रॉ दुमडून 10 चाच उरतो, तेव्हा दोन वेढ्यांवर थांबा: एकूण 9. खरे लव्हाळे मिळाले तर ताजे घ्या, सुकलेले दुमडताना तडकतात, ते थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवावे लागतात.

सोडा ब्रेडचं पीठ घरी पाठवू नका. त्यात यीस्ट नसतं. खायचा सोडा आणि ताकातलं आम्ल एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. तो वायू भट्टीत अडकला तर ब्रेड फुगतो, दप्तरात सुटून गेला तर घरी वीट भाजली जाते. घरच्यांसाठी कृतीचा कागद द्या:

मैदा 450 ग्रॅम, खायचा सोडा 1 सपाट चमचा, मीठ 1 चमचा, दाट आंबट ताक 350 ते 400 मिली. पाणी घालून पातळ केलेलं ताक नको, त्यात आम्ल कमी पडतं. सोडा चाळून घ्या, गुठळी राहिली तर पिवळट ठिपका आणि कडू चव. मध्ये आळं करून ताक ओता, बोटं पसरून गोल फिरवत जेमतेम एकत्र करा. मळायचं नाही, मळलं की ब्रेड चिवट होतो. दोन इंच जाड गोल थापा, सुरीने खोल फुली मारा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 230 अंशांवर 15 मिनिटं, मग 200 वर साधारण 30. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. फुलीमुळे मधला जाड भाग नीट भाजला जातो. परीलोकांना बाहेर पडायला वाट, असंही म्हणतात. मुलांना दोन्ही कारणं सांगा.

वर्गात लोणी काढा. घट्ट झाकणाची बरणी क्रीमने अर्धीच भरा, काठोकाठ भरली तर क्रीम आपटायला जागा राहत नाही आणि काही होत नाही. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. चार मुलांना एक बरणी, आळीपाळीने 10-15 मिनिटं हलवायची. मध्ये एकदा आवाज बंद होतो, सगळं घट्ट होऊन चिकटतं. मुलं तिथेच सोडून देतात. तिथून पुढे दोन-तीन मिनिटांत लोण्याचा गोळा ताकापासून सुटतो. आयर्लंडच्या दलदलीत पुरून ठेवलेलं हजारो वर्षांपूर्वीचं लोणी सापडलं आहे, हे याच वेळी सांगायचं.

साउइनच्या तासाला बार्मब्रॅक हा मनुकांचा ब्रेड येतोच. त्याच्या पोटात अंगठी दडवतात, जिला सापडेल तिचं लग्न ठरणार. लहान मुलांच्या गटात ब्रेडमध्ये काही लपवू नका, घशात अडकण्याचा धोका खरा आहे. आणि कंदील मुळात भोपळ्याचा नव्हे, सलगमाचा. कोरायला फार कठीण, मोठ्यांनीच करावा.

---

वाटसरू

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: हो, दोन्ही काढा, पण थोडक्यात.

नकाशावर बेट एक, परगणे 32. त्यातले 26 आयर्लंड प्रजासत्ताकात, राजधानी डब्लिन, चलन युरो. 6 उत्तर आयर्लंडमध्ये, तो युनायटेड किंगडमचा भाग, राजधानी बेलफास्ट, चलन पाउंड. झेंडा यातच उलगडतो: हिरवा कॅथलिक परंपरेचा, केशरी प्रोटेस्टंट परंपरेचा, मधला पांढरा दोघांतल्या शांततेचा. केशरी पट्टा काठीकडे गेला तर तो आयव्हरी कोस्टचा झेंडा होतो, रंगवताना हमखास घडतं. बेटाला 'ब्रिटिश' म्हणू नका, तिथे ते खटकतं.

दुष्काळ 1845 ते 1852 चा. बटाट्यावर करपा पडला, आणि गरिबांचं पोट त्या एकाच पिकावर होतं. सुमारे 10 लाख माणसं गेली, तितकीच देश सोडून निघाली. देशातून धान्य मात्र बाहेर जातच होतं. या वयाला आकडे कमी आणि ही एक गोष्ट द्या: 1847 मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी लोकांनी 170 डॉलर जमवून मदत पाठवली, स्वतःची भूमी बळजबरीने सोडायला लागून त्यांना जेमतेम दीड दशक झालं असताना. कॉर्क परगण्यातल्या मिडलटन गावी त्याच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचं मोठं शिल्प उभं आहे. पीस काढणं सोपं, त्यावर तास संपवता येतो.

गोष्ट हवी तर लिरच्या मुलांची घ्या. सावत्र आईच्या शापाने चार भावंडं 900 वर्षं हंस होऊन राहतात, 300 वर्षं बेटाच्या मधल्या डेराव्हारा सरोवरात, 300 ईशान्येच्या मॉइलच्या समुद्रात, 300 पश्चिमेला इनिशग्लोराजवळ. आवाज मात्र माणसाचाच राहतो. नकाशावर तीन टाचण्या आणि एक दोरा लावला की भूगोलही होतो.

शेवटचा तास नाचाचा. 'वॉल्स ऑफ लिमरिक' सगळ्यात सोपा. दोन-दोनच्या जोड्या समोरासमोर, अशा ओळी. प्रत्येक जोडीत उजवीकडच्याला लाल फीत, डावीकडच्याला पिवळी. 16 ठोक्यांचे चार भाग:
- हात धरून पुढे, मागे, पुन्हा पुढे, मागे.
- समोरासमोरचे लाल जागा बदलतात (8), मग पिवळे (8).
- समोरच्याचा उजवा हात धरून आडवी सात पावलं बाहेर, तेवढीच परत.
- आपल्या जोडीदाराबरोबर गोल फिरून पाठीमागच्या नव्या जोडीकडे तोंड.

गोंधळ चौथ्या भागात होतो: मुलं फिरून पुन्हा जुन्याच जोडीसमोर उभी राहतात. फिरताना 'पाठ, पाठ' असं ओरडा. ओळीच्या टोकाला पोचलेल्या जोडीसमोर कुणी नसतं. तिने तोंड आत वळवून एक फेरी थांबायचं, मग खेळात परत. संगीत रील या नाचाच्या धुनेचं लावा, चार ठोक्यांचं. जिग ही दुसरी धुन लावाल तर त्यात सहा मात्रा असतात, दादऱ्यासारख्या तीन-तीन, आणि सात पावलं तिथे लडखडतात.

---

शब्दवेल

24 तले एखादं गैरहजर असलं तर?

---

वाटसरू

उरलेल्याच्या हातात बाउरॉन द्या. तो आयरिश चामडी डफ, नसेल तर ट्रे आणि लाकडी चमचा. 16 मोजून दर भागाच्या पहिल्या ठोक्याला जोरात मारायचं. दोन फेऱ्यांनंतर बदली करा, नाहीतर ट्रे कुणीच सोडत नाही.